न्यू जर्सीत पहिली टेलगेट पार्टी करताय? मग हे आधी वाचा

ऑगस्ट सरता सरता अमेरिकेत फुटबॉलचा हंगाम सुरू होतो. हा त्यांचा फुटबॉल, हेल्मेटवाला. सामना असेल त्या दिवशी मैदानाबाहेरच्या पार्किंग लॉटमध्ये चार-पाच तास आधीपासून गाड्या लागतात, डिक्या उघडतात, शेगड्या पेटतात, आणि सामना सुरू व्हायच्या आत निम्म्या लोकांची पोटं भरलेली असतात. हीच टेलगेट पार्टी. प्रत्येक गावाची तऱ्हा वेगळी. ग्रीन बेला ब्रॅटवर्स्ट सॉसेज, कॅन्सस सिटीला बार्बेक्यू, लुइझियानात गंबो. बफेलोचे चाहते तर घडीच्या टेबलांवर उड्या मारून ती मोडण्यासाठीच प्रसिद्ध आहेत. ते आपण करायचं नाही.

हा लेख एडिसन, पिस्कॅटवे, जर्सी सिटी या बाजूला नव्याने आलेल्या आणि पहिल्यांदाच यजमान होणाऱ्यांसाठी आहे. बाकी राज्यांतही बहुतेक गोष्टी लागू पडतील, नियम मात्र तिथले बघा.

एक गोष्ट आधीच सांगतो. नवख्या यजमानाचं घोडं नेहमी एकाच जागी पेंड खातं: तो लॉटमध्ये स्वयंपाक करायला निघतो. कांदा चिरण्यापासून कणीक मळण्यापर्यंत सगळं तिथे. तिथे नळ नाही, ओटा नाही, वारा सुटलेला, आणि बाजूला कोणाचं तरी पोर बॉलमागे पळतंय. स्वयंपाक आदल्या रात्री घरी करायचा. लॉटवर फक्त शेकायचं, गरम करायचं आणि वाढायचं. एवढं पाळलंत तर पुढचे निम्मे धोके आपोआप टळतात.

१. सामना कोणता निवडायचा

पहिल्याच फटक्यात एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक संघांच्या लीगच्या, मागे लागू नका. ईस्ट रदरफर्डचं मेटलाइफ स्टेडियम म्हणजे ८२,५०० लोकांचा कारभार. जायंट्स आणि जेट्स या दोन्ही संघांचं घर तेच. तिकीट महाग, पार्किंग महाग, आणि बाहेर पडताना जी रांग लागते तिची सवय नसेल तर लहान मुलं आणि म्हातारी माणसं रडकुंडीला येतात.

त्यापेक्षा शनिवारचा कॉलेजचा सामना बरा. आपल्या दारातच रटगर्स विद्यापीठ आहे, मैदान पिस्कॅटवेला. अमेरिकेतला पहिला कॉलेज फुटबॉल सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी शेजारच्या न्यू ब्रन्सविकमध्ये झाला आणि रटगर्सने प्रिन्स्टनला ६-४ असं हरवलं, हे शेजारच्या तंबूतल्या काकांना सांगितलंत की पहिली ओळख झालीच म्हणून समजा. रंग लालभडक. घरात लाल टीशर्ट असेलच.

इथे एक खोच आहे. कॉलेजच्या बऱ्याच सामन्यांची तारीख महिनोन्महिने आधी ठरते, पण वेळ टीव्हीवाले ठरवतात आणि ती कधी कधी आठवड्याभरावर आली की जाहीर होते. 'सकाळी आठला या' असा मेसेज महिनाभर आधी ग्रुपवर टाकून मोकळे होऊ नका. दुपारी १२ चा सामना आणि संध्याकाळी ७ चा सामना यांत जेवण, कपडे, दिवे सगळंच बदलतं.

तारीख बघताना कालनिर्णयही बघा, हे मी थट्टेने म्हणत नाही. हंगामाच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत गणपती, पितृपक्ष आणि नवरात्र तिन्ही येऊन जातात. निम्म्या पाहुण्यांचे उपास असताना चिकनचे तीन ट्रे घेऊन उभं राहण्यात काय हशील?

२. पास, तिकिटं आणि लॉटचे नियम

पार्किंगचा पास आधी, तिकीट नंतर. गेटवर पैसे देऊन जागा मिळेल यावर विसंबू नका. पास घेताना तो कोणत्या लॉटचा आहे ते नीट वाचा, कारण सगळ्या लॉटमध्ये टेलगेटिंगला परवानगी असतेच असं नाही. गॅरेजमध्ये आणि टॅक्सी-उबरच्या जागेत तर शेगडीचं नावच काढू नका.

मग मैदानाच्या संकेतस्थळावर जाऊन एवढ्या प्रश्नांची उत्तरं शोधा: लॉट किती वाजता उघडतो, कोळसा चालतो की फक्त गॅस, तंबूचं माप किती, काचेच्या बाटल्या चालतात का, बिअरचा केग (पिंप) चालतो का, तिकीट नसलेला पाहुणा आत येऊ शकतो का, आणि सामना सुरू झाल्यावर बाहेर पार्टी चालू ठेवता येते का. ही उत्तरं दर मैदानाला वेगळी असतात आणि दर वर्षी बदलतात. मित्र म्हणाला 'गेल्या वर्षी चालत होतं', तर त्याला चहा पाजा आणि संकेतस्थळ बघा.

जागा अडवून ठेवणं हा सगळ्यात मोठा भांडणाचा विषय. एक गाडी, एक जागा. आपल्याकडे एसटीत रुमाल टाकतात तशी खुर्ची टाकून मागून येणाऱ्या जोश्यांसाठी जागा धरायची नाही. सगळ्यांना शेजारी उभं राहायचं असेल तर घराजवळच्या एखाद्या दुकानापाशी भेटा आणि एकामागोमाग गाड्या आत घाला.

३. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रं:
- पार्किंग पास आणि तिकिटं. दोन्ही बहुधा फोनवरच असतात, म्हणून घरीच डाउनलोड करून ठेवा. गर्दीत नेटवर्क रडतं.
- इथलं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचं ओळखपत्र. पिणार असाल तर वय दाखवावं लागेल. पुण्याचं लायसन्स दाखवून कोणी मानेल याची खात्री नाही.
- मुलांच्या मनगटावर फोन नंबर आणि लॉटचा क्रमांक, पेनाने लिहिलेला.

सामान:
- घडीचं टेबल, खुर्च्या, १० बाय १० फुटांचा तंबू आणि त्याच्या पायांना बांधायला वजनं. डांबरात खुंट्या ठोकता येत नाहीत. तांदळाच्या मोठ्या पिशव्यासुद्धा चालतात, पण चारही पायांना हव्यात.
- छोटी गॅस शेगडी किंवा ग्रिल, एक जास्तीचा १ पौंडी प्रोपेनचा डबा, लांब लायटर.
- मांसात खुपसायचा थर्मामीटर. दहा-पंधरा डॉलरचा मिळतो. हा विसरलात तर चिकन करू नका.
- दोन चिमटे, एकाला लाल टेप. लाल टेपवाला फक्त कच्च्या मांसासाठी.
- दोन कूलर. खाली त्याबद्दल लिहिलंय.
- नळवाला पाण्याचा कॅन, साबण, पेपर टॉवेल. सॅनिटायझरने कच्च्या चिकनचे तेलकट हात धुतले जात नाहीत.
- अग्निशामक, प्रथमोपचाराची पेटी, फॉइल, कचऱ्याच्या पिशव्या (वाटतात त्याच्या दुप्पट), टॉयलेट पेपरचा एक रोल. शेवटचा का, ते दुपारी दोनला कळेल.

४. जेवण: शुक्रवारी रात्रीच बाजी मारायची

इथे जरा जास्त रेंगाळतो, कारण लोक आपल्या तंबूत येणार ते जेवणासाठीच.

पहिली गोष्ट, वडे लॉटवर तळायचे नाहीत. कितीही मोह झाला तरी नाही. वारा, डुगडुगतं टेबल, कढईभर उकळतं तेल आणि पळणारी पोरं हे एकत्र येऊ द्यायचं नाही, आणि बऱ्याच लॉटमध्ये तेलाच्या फ्रायरला बंदीच असते. वडे घरी तळून नेले तर मऊ पडतात, खरं आहे. पण पाव दोन बाजूंनी बटरमध्ये कडक शेकला आणि लसणाची कोरडी चटणी सढळ हाताने घातली की कोणी तक्रार करत नाही.

माझं मत विचाराल तर टेलगेटसाठी पावभाजीसारखा पदार्थ नाही. भाजी शुक्रवारी करा, उथळ डब्यांत वाटून लगेच फ्रीजमध्ये टाका. एवढं मोठं पातेलं तसंच्या तसं फ्रीजमध्ये ठेवलं तर मधली भाजी रात्रभर कोमटच राहते. शनिवारी लॉटवर सपाट तव्यावर बटर सोडायचं, त्यावर भाजी ओतायची, कडेने थोडं पाणी, आणि उलथन्याने दाबत राहायचं. कडा बुडबुडायला लागल्या, बटर लाल होऊन वर आलं, की वास तीन रांगा पलीकडे जातो. मग अनोळखी माणसं 'हे काय आहे?' म्हणत येऊन उभी राहतात. त्यांच्यासाठी थोडे पाव जास्तीचे ठेवा. बदल्यात रिब्ज, चिली, कधी नुसतंच केचप मिळतं. लॉटचा हाच शेजारधर्म. पाव म्हणून इथल्या दुकानातले गोड रोल घेऊ नका, भारतीय दुकानातला लादीपाव किंवा साधे पोटॅटो बन घ्या.

दुपारी १२ चा सामना असेल तर मिसळ. कट थर्मासमध्ये, फरसाण वेगळं, कांदा-लिंबू डब्यात. तिखटाचा अंदाज पाहुण्यांवरून घ्या. कोल्हापूरची शान दाखवायची ही जागा नव्हे, कारण पोर्टेबल टॉयलेटची रांग लांब असते.

चिकन टिक्का करायचा तर दही-मसाला लावून झिप पिशवीत घालून फ्रीझरमध्ये गोठवा. शनिवारी ती पिशवी कूलरमध्ये बर्फाचंही काम करते आणि हळूहळू सुटत जाते. सळईवर घ्यायच्या आधी ते पूर्ण सुटलंय ना ते बघा, आत बर्फ राहिला तर बाहेरून करपतं आणि आतून कच्चं राहतं.

आता आकडे, आणि हे पाठच करा:
- थंड ते ४० अंश फॅरनहाइटच्या (४ सेल्सिअस) खाली, गरम ते १४० च्या (६० सेल्सिअस) वर. मधल्या तापमानात अन्न दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. ऊन ९० फॅरनहाइटच्या (३२ सेल्सिअस) वर असेल तर एकच तास. सप्टेंबरातली दुपार तशी असू शकते.
- चिकन आतून १६५ (७४ सेल्सिअस), खिम्याचे कबाब किंवा बर्गर १६० (७१ सेल्सिअस). रंगावरून ठरवू नका.

दोन कूलर यासाठीच लागतात. पेयांचा कूलर दर पाच मिनिटांनी उघडतो, त्यामुळे त्यात बर्फ टिकत नाही. अन्नाचा कूलर वेगळा, सावलीत, कमीत कमी उघडायचा, कच्चं मांस तळाशी. दहीभात, कोशिंबीर, मेयोनीजवालं सॅलड हे सगळं वाढेपर्यंत त्यातच राहू दे.

शाकाहारी पाहुण्यांचा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. वेगळी शेगडी असेल तर उत्तम. नसेल तर त्यांचं आधी शेका: पनीर, भोपळी मिरची, मक्याची कणसं, स्वच्छ जाळीवर किंवा फॉइलवर. बाहेरून आणलेल्या गोष्टींची पाठ वाचा. बेक्ड बीन्सच्या डब्यात अनेकदा डुकराचं मांस असतं, रिफ्राइड बीन्समध्ये चरबी, मार्शमेलोत जिलेटिन. हॉट डॉग बहुधा बीफचे किंवा पोर्कचे. ट्रेवर मराठीत आणि इंग्रजीत चिठ्ठी लावा. कोणाच्या तरी आईने विचारायच्या आधी.

५. आग: इथे हयगय नाही

शेगडी गाडीपासून आणि तंबूपासून जमेल तितकी लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. उघड्या डिकीच्या झाकणाखाली कधीच नाही. भोवती तीन फुटांत मूल येणार नाही यासाठी एका मोठ्या माणसाची नेमणूक करा, आणि त्याच्या हातात बिअर नको.

पहिल्या वेळी गॅस घ्या असंच मी सांगेन. बंद केला की बंद होतो. डबा जोडल्यावर सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. मोठा सिलिंडर नेणार असाल तर तो उभा ठेवून न्या, आणि तापलेल्या बंद गाडीत ठेवून सामन्याला जाऊ नका.

कोळशाची चव वेगळी लागते हे मान्य. तो पेटवायला पत्र्याची उभी नळी मिळते: वर कोळसा, खाली कागद. वीसेक मिनिटांत वरच्या कोळशावर राखाडी थर धरला की ओतायचा. पेटत्या कोळशावर लायटर फ्लुइड उडवू नका, ज्वाळ धारेवरून उलट बाटलीकडे येते.

खरा धोका कोळसा विझल्यासारखा दिसतो तेव्हा. राखेखाली तो कित्येक तास धगधगत असतो. बऱ्याच लॉटमध्ये गरम कोळशासाठी वेगळे पिंप असतात, त्यातच टाकायचा. साध्या कचऱ्यात, गवतावर किंवा गाडीखाली सरकवून गेलात तर गाडी पेटू शकते, आणि ती शेजाऱ्याचीही असू शकते. म्हणून सामन्याच्या निदान तासभर आधी शेकणं थांबवा.

नोव्हेंबरात थंडी वाजते म्हणून तंबूच्या चारही बाजू पडद्यांनी बंद करून आत शेगडी ओढू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखतंय असं वाटेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. थंडीवर उपाय म्हणजे थर, हातमोजे, आणि पायाखाली पुठ्ठा. डांबराचा गारठा बुटातून वर येतो, पुठ्ठ्याने तो बराच अडतो.

६. पिणं आणि व्हिसा

२१ वर्षांखालच्या कोणालाही दारू द्यायची नाही. 'तो इंजिनीअरिंगला आहे, मोठाच आहे' हे चालत नाही, आणि यजमान म्हणून जबाबदारी तुमच्यावर येते. कॅन किंवा प्लास्टिकचे पेले वापरा, काच नको. उघडलेली दारूची बाटली गाडीच्या आतल्या भागात ठेवून रस्त्यावर येणं हा न्यू जर्सीत गुन्हा आहे.

गाडी कोण चालवणार ते घरून निघतानाच ठरवा. रक्तात अल्कोहोल ०.०८ टक्के ही मर्यादा, पण तिच्या जवळपासही जाऊ नका. प्यायलेल्या अवस्थेत हीटरसाठी इंजिन चालू करून चालकाच्या सीटवर झोपलात तरी अंगाशी येऊ शकतं. आपल्यासारख्या व्हिसावर असलेल्यांसाठी हे आणखी महाग पडतं: पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं, न्यायालयाच्या निकालासाठी थांबत नाही. तेच गांजाचं. न्यू जर्सीत २१ वर्षांवरच्यांना तो कायदेशीर आहे, शेजारच्या तंबूतून वास येईल, कोणी प्रेमाने पुढेही करेल. केंद्राच्या कायद्यात तो अजून बेकायदा आहे. हसून 'नको' म्हणा.

७. वेळ घालवायचा कसा

कॉर्नहोल आणा, म्हणजे भोकाच्या फळीवर छोट्या पिशव्या फेकायचा खेळ. २ बाय ४ फुटांच्या दोन तिरक्या फळ्या, समोरासमोर २७ फुटांवर, प्रत्येकी चार पिशव्या. भोकात गेली तर ३ गुण, फळीवर राहिली तर १, एका फेरीत दोघांचे गुण एकमेकांतून वजा, २१ ला डाव. विटीदांडूवर वाढलेल्यांचा हात लवकर बसतो. लहान मुलांसाठी अंतर कमी करा. गाड्यांच्या वाटेत मात्र कोणताच खेळ नको.

सामना कळावा एवढं ज्ञान पाहुण्यांना शेगडीपाशीच द्या: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलात तर पुन्हा चार. टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं) ६ गुण, त्यानंतरची किक १, मैदानातून खांबांमधून मारलेला फील्ड गोल ३. १५ मिनिटांचे चार भाग, पण घड्याळ इतकं थांबतं की तीन तास सहज जातात. भारतातून आलेल्या आई-बाबांना हे शेवटचं आधीच सांगा आणि त्यांना आतली जागा कमी पायऱ्यांची घ्या.

८. आत जाताना

एनएफएलच्या मैदानात २०१३ पासून पारदर्शक पिशवीचा नियम आहे: १२ बाय ६ बाय १२ इंचांपर्यंतची पारदर्शक पिशवी, किंवा एक गॅलनची झिप पिशवी, आणि सोबत हाताच्या पंजाएवढी छोटी पर्स. बऱ्याच कॉलेजांनीही तसाच नियम केलाय. नेहमीची पर्स, लॅपटॉपची बॅग, कूलर घेऊन गेटवर पोचलात तर परत गाडीपर्यंत पायपीट. खिशातला छोटा चाकूही गाडीतच राहू द्या. उरलेलं नाशवंत अन्न बर्फात परत जात नसेल तर टाकून द्या. सामन्यानंतर भूक लागते तेव्हा तेच ट्रे मोहात पाडतात आणि रविवार वाया जातो.

९. निघताना

सामना संपल्या संपल्या गाडीत बसलात तर तासभर जागच्या जागी इंजिन जाळत बसाल. त्यापेक्षा चहाचा थर्मास राखून ठेवा, खुर्च्या पुन्हा काढा, गर्दी ओसरू द्या. या वेळेला कोरडा खाऊ ठेवा: चकली, चिवडा, शेंगदाण्याचे लाडू. तेवढ्यात कचरा दोन पिशव्यांत वेगळा करा आणि शेगडी हात लावून थंड आहे ना बघूनच डिकीत टाका. अंधार झाला असेल तर निघण्याआधी टॉर्च मारून गाडीखाली बघा. चिमटे, झाकणं, कोणाचा तरी एक बूट तिथेच सापडतो.

घरी पोचल्यावर कितीही दमलात तरी अन्नाचा कूलर त्याच रात्री धुवा आणि झाकण उघडं ठेवून वाळवा. बंद ठेवलात तर पुढच्या शनिवारी नवाच घ्यावा लागेल.